उलट लावलेली जोडी

गुरुवार, ६ ऑगस्ट

जावईबापूंस,

आज, गुरुवार दिनांक ६ ऑगस्ट रोजी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नकाशा कचेरीच्या तळमजल्यावर, चार माणसांच्या देखत तुम्ही माझं नाक कापलंत. वेळ नक्की सांगू शकते, कारण त्या क्षणी मला तुमच्याकडे बघवेना आणि समोर भिंतीवर घड्याळ होतं.

झालं ते लिहूनच कळवते. फोनवर तुम्ही विषय बदलता. शिवाय कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला तक्रारीचं पत्र घोटून शिकवलं होतं: काय झालं, कधी झालं, आणि आता समोरच्याने काय करावं. रडारड करायची असेल तर वेगळा कागद घ्या, म्हणायच्या.

आपल्या कचेरीला इतक्या वर्षांनी जाग आली. छायाचित्रांवरून नकाशे काढायची जुनी यंत्रं अडगळीतून काढून, झाडूनपुसून एका खोलीत मांडतायत. १२ सप्टेंबरला खोली लोकांना उघडणार, आणि यंत्रं चालवून दाखवायला आपल्या दोघांना बोलावलंय. मी त्या यंत्रांवर बसून डोळे आणि कंबर झिजवली, तुम्ही वर्कशॉपमध्ये ती उघडून-मिटून जिवंत ठेवलीत. आज त्याची तालीम होती.

नव्या अधिकारी बाई, वय माझ्या छत्रीएवढं, त्यांनी टेबलावर आरशांचा स्टिरिओस्कोप मांडला आणि खाली विमानातून काढलेली जोडी ठेवली: एकाच टेकडीची दोन छायाचित्रं, दोन जागांवरून घेतलेली. डाव्या डोळ्याला डावं आणि उजव्याला उजवं दिसलं की टेकडी कागद सोडून उठते. पोरीने ती उलट लावली होती. मी डोळे लावले तर टेकडीच्या जागी भला मोठा खड्डा, आणि नदी चाललीय उंच बांधावरून डोलत डोलत.

मी मुद्दाम ती सुलट केली नाही. तुम्ही पाणी प्यायला बाहेर गेला होतात. मी बाईंना म्हटलं, "आता आमचे जावईबापू येतील. उलट जोडी त्यांच्यासमोर ठेवून पाहा. श्वास घ्यायच्या आत पकडतील."

तुम्ही आलात, वाकलात, आणि म्हणालात, "वा! काय टेकडी उभी राहिलीय! बाई, पहिल्याच फटक्यात झकास जोडी लावलीत."

दारातली दोन पोरं खोकल्याचं सोंग करून बाहेर पळाली. बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की म्हातारीला आता खुर्ची द्यावी का. साहेबलोकांना खूश ठेवायला लोक काय काय करतात ते मी नोकरीत पाहिलंय. पण तुम्ही? या वयात चमचेगिरी?

खुलासा हवा. लेखी.

ताई

---

सोमवार, १० ऑगस्ट

ती. ताईंना नमस्कार,

पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. बायकोच्या थोरल्या बहिणीला आपल्या भाषेत 'अकडसासू' म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याने तुम्हाला कुठेतरी पाहिलेलं असणार. मावस असून ही गत, सख्ख्या असतात तर माझं काय झालं असतं?

गुन्हा कबूल. पोरीचे हात थरथरत होते. म्हटलं, आल्या आल्या कशाला चूक काढा. तुम्ही आधी काय बोलून ठेवलंय ते मला कुठे माहीत? पदरात घ्या.

आणखी एक. १२ तारखेला प्रात्यक्षिक तुम्ही एकट्यानेच करा. माझी पाठ धरते, वाकवत नाही. त्याऐवजी प्रत्येक यंत्राशेजारी लावायच्या पाट्या मी लिहून देतो. पहिला मसुदा सोबत आहे, लाल शाई घेऊनच वाचाल म्हणून समास सोडलाय.

पाट्या लिहिताना गंमत वाटली. आपल्या यंत्रांनी एकेक करून माणसाचं ओझं उतरवत नेलं. आधी नुसत्या दोन भिंगांतून बघायचं आणि हाताने कागदावर उतरवायचं. मग अंधाऱ्या खोलीतले प्रक्षेपक आले. मग लोखंडी सळ्यांचं ते धूड, मग सळ्या काढून त्यांच्या जागी गणित घातलेलं यंत्र, आणि आता संगणकाचा पडदा. सगळं बदललं, पण बघणाऱ्याचे दोन डोळे कोणाला काढता आले नाहीत. आता म्हणे तेही काम संगणक स्वतःच करतो. करू दे बापडा.

अंधारखोलीची पाटी लिहिताना धाकटी आठवली. तुमच्या लक्षात आहे का? वरून दोन दिवे, एकातून लाल छायाचित्र पडायचं, दुसऱ्यातून निळं. आपण एक काच लाल, एक निळी, असला चष्मा लावून बसायचो आणि टेबलावर उजेडाचा डोंगर उभा असायचा. ती तुम्हाला जेवायला बोलवायला आली होती. तुम्ही तिला चष्मा दिलात. तिने डोंगराला हात लावायला गेली तर हात आरपार. "अगं बाई, ताई, हा तर लागतच नाही गं हाताला!" त्या चष्म्यात ती इतकी भयंकर दिसत होती, की हिच्याशीच लग्न करायचं हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

असो. रागावू नका.

तुमचा,
जावई

---

गुरुवार, १३ ऑगस्ट

जावईबापू,

पाट्या वाचल्या. "तिने डोंगराला हात लावायला गेली" हे वाक्य पत्रातलं आहे म्हणून सोडते, पण 'ती गेली' असं हवं. सळ्यांच्या यंत्रापुढे तुम्ही लिहिलंय, "या यंत्रामुळे नकाशा आपोआप निघू लागला." आपोआप? दोन हातांत दोन चाकं, पायाखाली तिसरं, आणि डोळ्यांसमोर उजेडाचा तो ठिपका. पायाने ठिपका वर-खाली करायचा, जमिनीला नेमका टेकवायचा. वर राहिला तर तरंगतो, खाली गेला तर जमिनीत बुडाल्यासारखा दिसतो. टेकलेला ठिपका टेकलेलाच ठेवून डोंगराभोवती फिरवायचा, तेव्हा कुठे त्या उंचीची एक रेषा कागदावर यायची. आपोआप फक्त माझी कंबर मोडली. पाटी दुरुस्त करून पाठवली आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमचा खुलासा मला पटलेला नाही.

चमचेगिरी हा शब्द मी रागात लिहिला. तो मागे घेते. ज्या माणसाने एकदा तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांना भर सभेत सांगितलं होतं, "साहेब, आपण मघापासून विहिरीला मनोरा म्हणताय, जोडी फिरवून घ्या," तो माणूस एका पोरीचे हात थरथरले म्हणून खोटं बोलेल? तुम्ही तिला हळूच सांगितलं असतंत. तेवढी माया तुमच्यात आहे.

मग मी ती सकाळ पुन्हा डोळ्यांसमोर आणली. मला चहा देताना तुम्ही कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवलात. मी धरला म्हणून वाचला. पेनाला टोपण लावताना दोनदा शेजारच्या हवेला लावलंत. बाई डावीकडून बोलल्या की तुम्ही सगळी मान फिरवत होतात. आणि तुमचं हे पत्र: एका ओळीची शेपटी दुसरीवर चढलीय. तुम्ही, ज्यांच्या हातची रेघ आम्ही पट्टी म्हणून वापरायचो.

एका डोळ्याने बघणाऱ्याला टेकडीही दिसत नाही आणि खड्डाही नाही. कागद सपाट पडून राहतो. ती टेकडी आहे हे तुम्हाला जुन्या आठवणीने माहीत होतं, म्हणून टेकडी म्हणालात. जोडी उलट आहे हे तुम्हाला कळायला मार्गच नव्हता.

पाठीचं कारण दुसऱ्या कोणाला तरी सांगा. मला एवढंच सांगा: कोणता डोळा?

ताई

---

सोमवार, १७ ऑगस्ट

श्रीमती ताई यांस,

आपले पत्र पावले. पाट्यांमधील दुरुस्त्या मान्य आहेत. त्या कचेरीकडे परस्पर पाठवाव्यात.

माझे डोळे हा माझा खाजगी विषय आहे. त्याबाबत आपण कोणाशीही, विशेषतः माझ्या मुलीशी, बोलू नये ही विनंती. तसेच या विषयावर पुढे पत्रव्यवहार करू नये.

कळावे.

---

सोमवार, २४ ऑगस्ट

जावईबापू,

'आपले'? 'पावले'? तुम्ही मला 'आपण' म्हणालात तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. इतकं शुद्ध तुम्ही लिहू शकता हे माहीत असतं तर पाट्यांवर माझी शाई वाया घालवली नसती.

पुढे लिहू नये असं तुम्ही लिहिलंय. मी आठवडाभर लिहिलं नाही. आता लिहिते, पण काही विचारत नाही.

काल मी डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला. डावा का, तर तुम्ही मान डावीकडे फिरवत होतात. सकाळी उठल्यापासून बांधला. पहिला चहा ओट्यावर गेला. सुईत दोरा ओवायला बसले, तर सुई आणि दोरा एकमेकांना ओळखसुद्धा दाखवीनात. जिन्याची शेवटची पायरी संपली असं समजून पाय टाकला आणि कठड्याला लटकले. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, हे काय?" म्हटलं, "डोळा आलाय." त्या लगेच दोन पावलं मागे सरकल्या. तेवढीच करमणूक.

पण दुपारी खिडकीपाशी बसले आणि मला फार एकटं वाटलं. समोरचं झाड, मागची भिंत, मधला रस्ता, सगळं एका कागदावर चिकटवल्यासारखं. उभा जन्म मी सपाट कागदातून डोंगर उठवला. हे उलटं कधी पाहिलं नव्हतं. सगळं जग दिसत होतं, फक्त कुठलीच गोष्ट माझ्या जवळची वाटत नव्हती.

दिवे लागले तसा मी रुमाल सोडला. तुम्हाला तो सोडता येत नसेल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि माझ्या पहिल्या पत्राची मला लाज वाटली.

तुमच्या मुलीला मी काही सांगितलेलं नाही.

तुमची,
ताई

---

शनिवार, २९ ऑगस्ट

ताई,

डावाच.

काचबिंदू. दुखलं नाही, खुपलं नाही. कडेकडेने दिसणं कमी होत गेलं आणि उजवा डोळा बिचारा त्याचंही काम उरकत राहिला, म्हणून मला पत्ताच लागला नाही. हिवाळ्यात डॉक्टरकडे गेलो तोवर डावा संपला होता. गेलेलं परत येत नाही म्हणाले. उजव्यातही दाब वाढलाय. थेंब दिलेत, पण तेवढ्याने भागणार नाही, शस्त्रक्रिया लवकर करून घ्या, म्हणजे आहे ते टिकेल. "लवकर म्हणजे?" विचारलं तर म्हणाले, "काल." मी चिठ्ठी खिशात घातली आणि घरी आलो. त्यानंतर गेलो नाही.

का गेलो नाही ते सांगतो. हसू नका.

आमचं नवं नवं लग्न झालं होतं तेव्हा वर्कशॉपमध्ये एक कॅमेरा दुरुस्तीला आला होता, पट्टीवर सरकणारा. इथून एक छायाचित्र घ्यायचं, वीतभर सरकवून दुसरं. तो नीट सरकतो का ते बघायला मी धाकटीला भिंतीपाशी उभं केलं. "हलू नकोस," म्हटलं. पहिलं घेतलं. कॅमेरा सरकवताना माझा सदरा खिळ्यात अडकून टर्रकन फाटला, आणि दुसऱ्याच्या वेळी तिला हसू फुटलं. कामाच्या दृष्टीने जोडी वाया गेली. एकात ओठ मिटलेले, दुसऱ्यात दात दिसतायत. पण स्टिरिओस्कोपखाली ठेवली की भिंत मागे जायची आणि धाकटी पुढे यायची. अगदी पुढे, ताई. खांद्यामागे हात घालता येईल इतकी. फक्त तोंड जुळायचं नाही, ओठ थरथरत राहायचे, आता हसेल की मग हसेल असे.

ती गेल्यावर सहा वर्षं, घरी ती जोडी लावून, रोज सकाळचा चहा मी तिच्यासमोर घेतला.

हिवाळ्यातल्या एका सकाळी ती उठली नाही. भिंतीलाच चिकटून राहिली. मी भिंगं पुसली, आरसे पुसले, स्क्रू पिळले. यंत्रात काही दोष नव्हता. तेव्हा डॉक्टरकडे गेलो.

आता ती कागदावर आहे. उजव्या डोळ्याला कागद दिसतो. तो राहिला काय आणि गेला काय, त्याने आणखी बघायचंय तरी काय?

त्या दिवशी कचेरीत वाकलो तेव्हा टेकडी उठणार नाही हे मला माहीत होतं. तरी वाकलो. वाटलं, टेकडी तरी.

माझ्या लेकीला कळवू नका. ती नोकरी सोडून धावत येईल.

तुमचा,
जावई

---

मंगळवार, १ सप्टेंबर

जावईबापू,

हसले नाही. पत्र वाचून पदराने तोंड दाबलं ते वेगळ्या कारणाने. पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला असा संताप आला, की मला पुन्हा नीट लिहिता यायला लागलं.

आणखी बघायचंय तरी काय, म्हणे! ती तुमची बायको व्हायच्या आधी माझी बहीण होती. दोन वेण्या आणि वाहतं नाक, तेव्हापासून माझ्या मागे फिरली. जाताना तिने मला सांगितलं होतं, "ताई, ह्यांच्याकडे बघ गं. हे स्वतःकडे बघत नाहीत." तेव्हा तुम्ही स्वतःचा डोळा टाकून द्यायला मोकळे आहात, असं समजू नका. मला विचारल्याशिवाय तो टाकता येणार नाही.

आता कामाचं. तुम्ही यंत्रांचे माणूस, आणि हे तुम्हाला सुचलं नाही याचं मला नवल वाटतं. दुःखात डोकं चालत नाही, दुसरं काय.

काल मी कचेरीत गेले. तुमचं नाव काढलं नाही. ती टेकडीची जोडी मागून घेतली, एक डोळा मिटला, आणि दोन्ही छायाचित्रं एकावर एक धरून अंगठ्याने भराभर उलटली. हे, ते, हे, ते. बाई म्हणाल्या, "ताई, पत्ते पिसताय का?" मी म्हटलं, "बघा तुम्हीही. एक डोळा मिटा." नदी जागच्या जागी राहिली आणि टेकडी तिच्यापुढे डुलायला लागली. दोन डोळ्यांनी उठते तशी नाही उठली. पण ती पुढे आहे आणि नदी मागे, हे एकट्या डोळ्यालाही लख्ख कळलं. पोरगी खुर्चीवरून उठलीच. म्हणाली, पडद्यावर याहून जलद करून दाखवते, आणि दाखवलंही. हुशार आहे, फक्त डावं-उजवं कळत नाही.

म्हणजे एका डोळ्यानेही जोडी पाहता येते. एकाच वेळी नाही, एकामागून एक. अंगठ्याने करायचं काम एखाद्या स्प्रिंगने आणि झडपेने होण्यासारखं आहे. ते कसं करायचं हे तुम्हाला मी सांगायला नको, वर्कशॉप तुम्ही चालवलंत.

आणि तुमच्या जोडीचं म्हणाल, तर माझ्या टेकडीहून ती भारी आहे. एकात ओठ मिटलेले, एकात दात. हे, ते, हे, ते. विचार करा जरा. इतकी वर्षं तुमच्या दोन डोळ्यांपुढे ती हसू की नको करत थांबली होती. एका डोळ्यापुढे ती हसेल, जावईबापू. मिटेल, हसेल, मिटेल, हसेल. तुमचा सदरा दर खेपेला नव्याने फाटेल.

पण त्याला एक डोळा लागतो. तेवढा असायला हवा.

कचेरीतून मी तशीच डोळ्यांच्या सरकारी इस्पितळात गेले आणि सोमवार, ७ सप्टेंबर, सकाळी साडेनऊची वेळ घेतली. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?" मी म्हटलं, "त्यांच्या बायकोची मावसबहीण." ती म्हणाली, "एवढं मावत नाही हो. नुसतं बहीण लिहू?" मी म्हटलं, "लिही." तेव्हा आता तशी नोंद झालेली आहे, आणि सरकारी नोंद बदलायला किती खेटे घालावे लागतात ते तुम्ही जाणता.

शस्त्रक्रियेची तारीख डॉक्टर देतील. तिथून पुढे तुम्ही माझ्याकडे राहायचं. बाहेरची खोली मोकळी केली आहे. मी सकाळी मोठ्याने पेपर वाचते आणि चुका काढते, तेवढं सहन करावं लागेल. लेकीला तुम्ही स्वतः कळवायचं आहे, शस्त्रक्रियेच्या आधी. पोरीला अंधारात ठेवून बापाने बरं व्हायचं, हा कुठला न्याय? धावत आली तर येऊ दे. मी काही तिला परत पाठवणार नाही.

या सगळ्यावर शुक्रवार, ४ सप्टेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तुमचं लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. टपालावर विसंबू नका, कोणाबरोबर तरी पाठवा. ओळी तिरक्या आल्या तरी चालतील. पाचपर्यंत उत्तर आलं नाही, तर सव्वापाचला मी तुमच्या लेकीला फोन करीन. उत्तरात एकच शब्द हवा, 'येतो'. 'बघू' असं लिहिलंत तर ते उत्तर धरलं जाणार नाही. आधी डोळा वाचू दे, मग हवं तेवढं बघू.

तुमची,
ताई